दारा, इ.स. ५३०: रोमन-पर्शियन लढाई टेबलावर पहिल्यांदा मांडताना

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे छोट्या, रंगवलेल्या सैनिकांच्या तुकड्या टेबलावर मांडायच्या आणि पट्टीने अंतर मोजत, फासे टाकत एखादी खरी लढाई खेळायची. आपल्याकडे हा छंद फार थोड्यांना आहे. त्यामुळे सुरुवात करणारा माणूस इंटरनेटवर तासन्‌तास भटकतो, भलत्याच वस्तू मागवतो आणि सैन्य अर्धवट रंगलेलं असतानाच सगळं कपाटात जातं. हे टळावं, आणि पहिली लढाई महिन्या-दोन महिन्यांत खरोखर टेबलावर यावी, म्हणून हा लेख. यात मी एकच लढाई घेतली आहे आणि तीच शेवटपर्यंत मांडून दाखवली आहे.

लागणारं साहित्य

- साधारण ३ फूट बाय ३ फूट सपाट जागा आणि त्यावर अंथरायला मातकट किंवा खाकी रंगाचं कापड
- ४० मि.मी. रुंदीचे ३६ बेस, म्हणजे सैनिक चिकटवायचे तुकडे; एक बेस म्हणजे एक तुकडी (३ मि.मी. एमडीएफ किंवा जाड माउंटबोर्ड)
- रोमन १२ आणि पर्शियन २४ तुकड्यांपुरती मिनिएचर. कागदी असली तरी चालतील
- अ‍ॅक्रिलिक रंग, दोन बारीक ब्रश आणि एक जाड, फेविकॉल, चाळलेली बारीक वाळू
- सहा बाजूंचे नेहमीचे फासे, स्टीलची पट्टी, गडद तपकिरी फेल्ट
- डीबीए (De Bellis Antiquitatis) या नावाने ओळखले जाणारे नियम. ते छोटे आहेत आणि एरवी प्रत्येक बाजूला १२ बेस एवढंच सैन्य धरतात; इथे पर्शियनांना दुप्पट दिले आहेत.

१. आधी लढाई ठरवा, सैन्य नंतर

ही पायरी गाळली की पुढचं सगळं चुकतं. ‘रोमन विरुद्ध पर्शियन’ एवढंच ठरवून भागत नाही. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हाय इथे रोमन सेनापती क्रॅससला धूळ चारणारे पार्थियन होते, म्हणजे पर्शियातलं आधीचं घराणं. दाराला लढलेलं पर्शियाचं ससानी घराणं सत्तेवर आलं इ.स. २२४ मध्ये. रोमन बादशहा ज्युलियनची मोहीम ३६३ची, आणि हेराक्लियस बादशहाने निनेव्हेची लढाई जिंकली ती ६२७ मध्ये. जवळजवळ सात शतकांचा हा मामला आहे. या काळात दोन्हीकडची शस्त्रं, चिलखतं, ढाली, घोड्यांचं साज, सगळं बदलत गेलं.

नवख्यांसाठी मी दारा सुचवतो. कारण असं की या लढाईचं वर्णन प्रोकोपियसने लिहून ठेवलं आहे आणि तो रोमन सेनापती बेलिसारियसच्या दिमतीलाच होता. कोण कुठे उभा होता, कोणी कधी हल्ला केला, हे त्याने नावानिशी दिलं आहे. प्राचीन लढायांच्या बाबतीत इतकी स्पष्ट माहिती क्वचितच मिळते. शिवाय इथे लहान सैन्य मोठ्या सैन्याला हरवतं, आणि कसं हरवतं ते टेबलावर जसंच्या तसं घडवता येतं.

थोडक्यात हकिगत अशी. दारा हे निसिबिसजवळचं रोमन सरहद्दीवरचं तटबंदीचं शहर. आज ती जागा तुर्कस्तानच्या मार्दिन प्रांतात आहे. ५३० च्या जूनमध्ये पेरोझ हा पर्शियन सेनापती ४०,००० सैन्य घेऊन आला, मागून निसिबिसहून आणखी १०,००० आले. बेलिसारियस आणि त्याचा सहकारी हर्मोगेनीस यांच्याकडे होते २५,०००. त्यांनी शहराबाहेर खोल खंदक खणला आणि त्यात जागोजागी ये-जा करायला वाटा ठेवल्या. पेरोझला इतका भरवसा होता की त्याने निरोप धाडला: उद्या मी शहरात आंघोळ करणार आहे, हमाम तयार ठेवा.

२. स्केल निवडा

तीन पर्याय तुमच्यासमोर येतील. २८ मि.मी.चे सैनिक दिसायला सर्वांत देखणे, पण महाग आणि रंगवायला वेळखाऊ. १/७२ प्लॅस्टिकचे स्वस्त, पण याच काळाचे नेमके संच शोधावे लागतात. १५ मि.मी. हा मधला मार्ग. ४० मि.मी.च्या एका बेसवर भारी पायदळाचे चार, घोडदळाचे तीन, हलक्या घोडदळाचे दोन सैनिक बसतात आणि सगळी लढाई जेवणाच्या टेबलावर मावते.

माझा सल्ला: पहिली लढाई १५ मि.मी.च्या मापाच्या कागदी सैनिकांवर खेळा. जाड कार्डपेपरवर रंगीत प्रिंट काढायची, कापून दुमडायची, बेसला चिकटवायची. दोन्ही सैन्यं दोन-तीन संध्याकाळींत उभी राहतात. खेळ आवडला तर मग धातूच्या मिनिएचरवर पैसे घाला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मात्र यात वापरू नका. त्यांची उंची या बेसच्या कितीतरी पट असते.

३. मिनिएचर घेताना

इथे सर्वांत मोठे खड्डे आहेत, म्हणून सावकाश वाचा.

‘पर्शियन’ म्हणून जे संच सहज सापडतात त्यातले बरेच अखेमेनी काळाचे असतात, म्हणजे झर्क्सीस राजाचे सैनिक, वेताच्या ढाली आणि मऊ टोप्या घातलेले. ते साम्राज्य सिकंदराने बुडवलं इ.स.पू. ३३० मध्ये. दाराशी त्यांचा साडेआठशे वर्षांचा फरक आहे. ‘इम्मॉर्टल’ या नावाने तर हमखास फसगत होते. दाराला इम्मॉर्टल होते खरे, प्रोकोपियस त्यांचा उल्लेख करतो, पण ते निवडक घोडदळ. त्या नावाचा संच मागवाल तर बहुधा भालाईत पायदळ घरी येईल. ‘ससानी’ हा शब्द पाहिल्याशिवाय काही घेऊ नका.

रोमनांचंही तसंच. पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत आणि चौकोनी वळणदार ढाल हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण ते पहिल्या-दुसऱ्या शतकाचं. ५३० चा रोमन सैनिक लंबगोल ढाल, कड्यांचं चिलखत आणि तुकडे जोडून केलेलं शिरस्त्राण घालतो. त्यांचं सगळ्यात कामाचं दल म्हणजे घोड्यावरचे तिरंदाज. दुकानांच्या यादीत हे सैनिक ‘उत्तर रोमन’ किंवा ‘आरंभीचे बायझंटाइन’ या मथळ्याखाली सापडतात.

तिसरा मोह हत्तींचा. ससानी सैन्यात हत्ती असत, ज्युलियनच्या मोहिमेत रोमनांनी त्यांचा सामना केला होता. पण दाराच्या वर्णनात हत्ती नाहीत. हत्तीचं मिनिएचर फार सुंदर दिसतं हे मान्य, तरी या लढाईसाठी घेऊ नका.

परदेशातून मागवताना किमतीवर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्यांचा हाताळणी आकार चढतो. मिनिएचरची किंमत पाहून हिशेब करू नका, दारात पोचेपर्यंतचा करा. चार-पाच जणांनी मिळून एकदाच मागवणं परवडतं. ब्रिटनमध्ये कोणी नातेवाईक असतील तर तिथल्या क्लबांत आणि प्रदर्शनांत जुनी, रंगवलेली सैन्यं निम्म्याशिम्म्या किमतीत विकायला असतात. लंडनचं सॅल्यूट हे त्यातलं मोठं.

४. रंगकाम

धातूचे सैनिक असतील तर आधी साच्याच्या कडा बारीक कानशीने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग प्रायमर. स्प्रे प्रायमर पावसाळ्यात मारू नका. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की प्रायमरवर पांढुरकी बुरशीसारखी साय धरते आणि खालचं सगळं कोरीवकाम बुजतं. त्या दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. मऊ प्लॅस्टिकला रंग नीट धरत नाही. साबणाने धुऊन पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्या, मग रंगवा.

रंग कुठले? पर्शियन घोडेस्वारांना भडक, नक्षीदार अंगरखे द्या: लाल, जांभळा, पिवळा. इराणमधल्या ताक-ए-बोस्तानच्या शिल्पात ससानी स्वार दिसतो. त्याच्या घोड्याला चिलखत फक्त पुढच्या अर्ध्या अंगावर आहे. हे शिल्प दाराच्या नंतरचं, पण तिसऱ्या शतकातल्या पूर्ण झाकलेल्या घोड्यांपेक्षा आपल्या काळाला जवळचं. पायदळ मळकट ठेवा. लढाईआधीच्या भाषणात बेलिसारियस त्यांना भिंती पोखरायला आणि मेलेल्यांना लुटायला आणलेले गरीब शेतकरी म्हणतो. रोमनांच्या प्रत्येक बगलेला ढालीचा एकच रंग द्या. खेळताना कोण कोणाचा हे लांबून कळणं तपशीलापेक्षा महत्त्वाचं आहे.

तीन रंग, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग), आणि बेसवर वाळू: एवढ्यावर थांबा. बेसवर फेविकॉल फासून चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू भुरभुरवायची, वाळली की तपकिरी रंग द्यायचा, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून फिकट पिवळसर रंग हलकेच फिरवायचा. जूनमधलं मेसोपोटेमियाचं रान तयार होतं.

५. टेबल आणि खंदक

टेबलाची एक कड म्हणजे दारा शहर. तट बांधायची गरज नाही.

खंदक सरळ नव्हता. मधला भाग छोटा आणि सरळ, त्याच्या दोन्ही टोकांना काटकोनात आडवे खंदक, आणि त्यांच्या टोकांपासून पुन्हा बाहेरच्या बाजूंना लांब सरळ खंदक. मधला भाग शहराकडे आत होता की शत्रूकडे पुढे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी तो आत घेतो, कारण मग कोपऱ्यात उभ्या, रोमनांच्या बाजूने लढणाऱ्या हूण घोडेस्वारांचं काम टेबलावर स्पष्ट दिसतं.

फेल्टच्या २ सें.मी. रुंद पट्ट्या कापा. मधली पट्टी २० सें.मी., शहराच्या कडेपासून १५ सें.मी.वर. दोन्ही आडव्या पट्ट्या १२-१२ सें.मी. पुढे, आणि तिथून दोन्ही बाजूंना २०-२० सें.मी. बाहेर. दर १० सें.मी.ला एका बेसएवढी वाट मोकळी सोडा. रोमनांच्या डाव्या टोकाला एक टेकडी ठेवा. थर्माकोलचा तुकडा रंगवला तरी पुरे. ही टेकडी विसरू नका.

६. तुकड्या मांडा

एक बेस म्हणजे सुमारे २,००० माणसं धरा. रोमन:

- डावी बगल: बुझेसचं घोडदळ, २ बेस
- टेकडीमागे: फारासचे हेरुल (रोमनांसाठी लढणारी जर्मानिक टोळी), १ बेस
- डावा कोपरा: सुनिकास आणि ऐगान यांचे हूण, हलकं घोडदळ, १ बेस
- मध्य, खंदकामागे: भालाईत ३, तिरंदाज १, आणि बेलिसारियस स्वतः घोडदळाच्या १ बेससह
- उजवा कोपरा: सिम्मास आणि अस्कान यांचे हूण, १ बेस
- उजवी बगल: घोडदळ, २ बेस

हूण प्रत्येक कोपऱ्यात ६०० होते आणि हेरुल फक्त ३००. प्रमाण पाहिलं तर त्यांना बेस मिळायला नको. पण लढाई त्यांनीच फिरवली, म्हणून इथे प्रमाण बाजूला ठेवायचं.

पर्शियन: उजव्या बगलेवर पित्याक्सेसच्या हाताखाली कादिसेनी (पर्शियन सैन्यातली एक टोळी) २ आणि घोडदळ ४, डाव्या बगलेवर बारेसमानासचं घोडदळ ४, मध्ये पायदळ १२, आणि मागे राखीव इम्मॉर्टल २. घोडदळ-पायदळाचा हा वाटा माझा आहे. प्रोकोपियस तेवढी फोड देत नाही. पेरोझने अर्धं सैन्य पुढे आणि अर्धं मागे ठेवलं होतं, दमलेल्यांच्या जागी ताजे पाठवायला. तुम्हीही २४ बेस दोन ओळींत उभे करा.

७. नियम समजून घ्या

नियमांची सगळी पानं पाठ करायची गरज नाही. तीन गोष्टी पक्क्या झाल्या की बाकीचं खेळता खेळता येतं.

पहिली: आपल्या पाळीला एक फासा टाकायचा. जो आकडा पडेल तेवढ्या हालचाली. कडेला कड लावून उभा असलेला गट एकाच हालचालीत पुढे जातो. एकटा बेसही एक हालचाल खातो. नवखे खेळाडू पहिल्याच दोन पाळ्यांत रांग मोडतात, मग १ किंवा २ पडले की निम्मं सैन्य जागच्या जागी उभं. गट शक्य तितका वेळ टिकवा.

दुसरी: अंतर. पायदळ ८ सें.मी., भारी घोडदळ १२, हलकं घोडदळ १६.

तिसरी: झुंज. दोघांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात आपला गुणांक मिळवायचा: घोडदळ ३, हलकं घोडदळ २, भालाईत ४. बेरीज कमी आली तर मागे हटायचं, समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी आली तर बेस बाद. आणि ज्याच्या बगलेला शत्रू भिडला आहे त्याचा एक गुण वजा. तो हरला तर त्याला मागे हटायला वाटच उरत नाही, तो थेट बाद.

हे एकदा जवळून पाहा. कादिसेनी खंदकातल्या वाटेवरून येऊन बुझेसच्या घोडदळाला भिडले. पर्शियनाला ५ पडले, ५ आणि ३ मिळून ८. रोमनाला २, म्हणजे ५. आठाच्या निम्म्याहून पाच जास्त, म्हणून बुझेस मागे हटला, कादिसेनी पुढे घुसले. पुढच्या पाळीत सुनिकासचे हूण कोपऱ्यातून निघून कादिसेनींच्या बगलेला लागले. आता बुझेसला ४ पडले, एकूण ७. पर्शियनाला ३, अधिक ३, वजा १, एकूण ५. एरवी हा बेस नुसता मागे हटला असता. बगलेला हूण असल्यामुळे तो टेबलावरून उचलला जातो. प्रोकोपियसच्या वर्णनात याच जागी, हूण आणि टेकडीमागून आलेले हेरुल यांच्यामध्ये सापडून, पर्शियनांचे ३,००० मारले गेले.

८. दारासाठी खास नियम

हे माझे, घरचे आहेत. यापेक्षा जास्त वाढवू नका.

- *खंदक:* वाटेवरून जाताना अडथळा नाही. इतरत्र काठाशी थांबायचं, पुढच्या पाळीत ओलांडायचं, आणि त्या पाळीत झुंजीत एक गुण वजा.
- *बाण:* लढाई बाणांच्या वर्षावाने सुरू झाली. पर्शियनांचे बाण जास्त होते, पण वारा त्यांच्या तोंडावर वाहत होता. पहिल्या पाळीआधी दोघांनी फासा टाकायचा, पर्शियनाचा एक वजा. कमी पडेल त्याची पहिल्या पाळीत एक हालचाल कमी.
- *हेरुल:* रोमन खेळाडूने त्यांना टेबलावर ठेवायचं नाही. पर्शियन उजव्या बगलेचा निदान एक बेस खंदकापलीकडे गेला की मग ते टेकडीमागून निघू शकतात.
- *ताजी कुमक:* पर्शियन खेळाडू दर पाळीत पुढचा एक बेस मागच्याशी फुकट बदलू शकतो. झुंजीत असलेला नाही.
- *इम्मॉर्टल:* कुठल्या बगलेला जाणार ते पर्शियनाने चिठ्ठीवर लिहून ठेवायचं आणि तिसऱ्या पाळीनंतर केव्हाही उघडायचं.
- *बारेसमानास:* त्याचा बेस बाद झाला की पर्शियन पायदळ पुढे सरकू शकत नाही. प्रत्यक्षात तो पडल्यावर पायदळ ढाली टाकून पळालं.

मुख्य लढाईआधी द्वंद्व खेळायचं असेल तर जरूर खेळा. पहिल्या दिवशी एका पर्शियन तरुणाने आव्हान दिलं. पुढे सरसावला तो सैनिकही नव्हता: आंद्रेआस, बुझेसच्या हमामातला नोकर आणि कुस्तीचा वस्ताद. त्याने त्याला मारलं, आणि मागून आलेल्या दुसऱ्या, अनुभवी पर्शियनालाही. फाशांच्या दोन फेऱ्या, जिंकणाऱ्याला पहिल्या पाळीत एक जादा हालचाल.

९. खेळा

दोघांना दहा-दहा पाळ्या. लढाई दुपारनंतर सुरू झाली होती, तेव्हा उजेड तेवढाच. एकूण तीन तास धरा. रोमनांचे ४ बेस गेले किंवा पर्शियनांचे २ बेस शहराच्या कडेला टेकले तर पर्शियन जिंकले. पर्शियन घोडदळाचे ६ बेस गेले तर रोमन जिंकले. कादिसेनी आणि इम्मॉर्टल यातच मोजायचे. दोन्ही घडलं नाही तर शहर वाचलं, एवढ्यावर बरोबरी.

रोमन बाजूने खेळणार असाल तर हूणांना लवकर सोडायचा मोह आवरा. समोरची बगल आत येऊ द्या, आपलं घोडदळ मागे हटताना पाहून घाबरू नका. मध्यातलं पायदळ हलवूच नका, त्याचं काम उभं राहणं. डावीकडचं काम उरकलं की सुनिकासला खंदकामागून उजवीकडे न्या. बेलिसारियसने नेमकं हेच केलं: पेरोझने इम्मॉर्टल गुपचूप डाव्या बगलेला धाडलेले त्याने पाहिले आणि चारही हूण सरदार एका बाजूला जमवले. त्यांनी पर्शियन बगल मधोमध कापली, सुनिकासने आधी निशाणबरदार आणि मग खुद्द बारेसमानास मारला. तिथे ५,००० पडले.

पर्शियन खेळाडूला मी सांगेन: दोन्ही बगला एकाच वेळी पुढे काढा. पेरोझने आधी उजवी, मग डावी असं केलं, आणि म्हणूनच तेच हूण दोनदा लढू शकले. हालचाली कमी पडतील, हे खरं. पण घोडदळाचे दोन सलग गट ठेवले तर दोन हालचालींत दोन्ही बगला निघतात. पायदळ खंदकापर्यंत आणून नुसतं उभं करा, म्हणजे बेलिसारियसला मध्य सोडता येणार नाही.

एक डाव झाला की बाजू बदलून लगेच दुसरा खेळा. जोडीदार नसेल तर दोन्ही बाजू स्वतः खेळता येतात. इम्मॉर्टलची चिठ्ठी फासा टाकून ठरवायची. पुणे-मुंबईत बोर्ड गेम खेळणारे गट आहेत. त्यांतल्या फार थोड्यांनी मिनिएचरची लढाई पाहिलेली असते, पण मांडलेलं टेबल दाखवलं की खेळायला बसणारे मिळतात. त्यांच्यासाठी गुणांकांचा एक कागद छापून ठेवा आणि नियमांचं पुस्तक त्यांच्यासमोर उघडू नका.

दारा दोन-चारदा झालं की त्याच सैन्यात ५३१ ची कॅलिनिकमची लढाई खेळता येते. पुन्हा बेलिसारियस, पण या वेळी पाठीशी युफ्रेटिस नदी, खंदक नाही, आणि पराभव. नवीन मिनिएचर फार लागत नाहीत: रोमनांच्या बाजूला घस्सानी अरबांचं हलकं घोडदळ दोन बेस, पर्शियनांच्या बाजूला लख्मी अरबांचं तेवढंच, आणि टेबलाच्या कडेला निळ्या कापडाची एक पट्टी.